जनरेटर पॅनेलवरचा ‘कस्टमर फॉल्ट’: इनपुट कुठे अडला ते शोधायची रीत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टी चालू असताना लाईट जाते. जनरेटर उचलतो, दहा-बारा सेकंद चालतो आणि बंद पडतो. स्क्रीनवर ऑइल प्रेशर नाही, टेंपरेचर नाही. दिसते ते फक्त ‘डिजिटल इनपुट सी’ किंवा ‘कस्टमर फॉल्ट २’. ऑपरेटर रिसेट दाबतो, पुन्हा तेच. मग कोणीतरी टर्मिनलवरची वायर काढून टाकतो किंवा दोन टर्मिनल तारेने जोडतो. जनसेट चालतो आणि ती जोडणी पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते. ज्या संरक्षणासाठी तो इनपुट दिला होता, ते त्या दिवसापासून संपलेले असते.

ही वेळ येऊ नये म्हणून पुढची पद्धत. मल्टिमीटर, पॅनेलच्या दारातले ड्रॉइंग, कंट्रोलरचे (पॅनेलमधल्या, जनसेट चालवणाऱ्या डिजिटल यंत्राचे) मॅन्युअल आणि अर्धा मीटर वायरचा जंपर एवढ्या सामानावर बहुतेक कस्टमर फॉल्ट सापडतात. लॅपटॉप आणि कंट्रोलरची केबल असेल तर काम लवकर उरकते.

स्क्रीनवरचा मजकूर नेमके काय सांगतो

ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान, स्पीड, व्होल्टेज ही संरक्षणे कंट्रोलरमध्ये आधीपासून ठरलेली असतात. त्याशिवाय काही इनपुट मोकळे ठेवलेले असतात. डिझेल कमी झाले, कॅनॉपी (जनसेटची बंद पेटी) तापली, अर्थ फॉल्ट रिले ट्रिप झाला, बॅटरी चार्जर बंद पडला, फायर पॅनेलने सिग्नल दिला, असे काहीही त्यांना जोडता येते. या इनपुटवर आलेला फॉल्ट म्हणजेच कस्टमर फॉल्ट. जनसेट बसवताना कमिशनिंग करणारा माणूस प्रत्येक इनपुटसाठी पाच गोष्टी ठरवतो.

पहिली म्हणजे नाव, स्क्रीनवर दिसणारा मजकूर. दुसरी पोलॅरिटी: संपर्क (सेन्सरमधला किंवा रिलेतला स्विच) जुळला की फॉल्ट धरायचा, की सुटला की धरायचा. तिसरी कृती: नुसती वॉर्निंग, ब्रेकर सोडून इंजिन थोडे थंड करून बंद करणारी इलेक्ट्रिकल ट्रिप, की तत्काळ शटडाऊन. चौथी आर्मिंग: हा इनपुट कायम बघायचा, स्टार्टिंगपासून बघायचा, की इंजिन सुरू होऊन सेफ्टी डिले (सुरुवातीचे ठरवलेले काही सेकंद) संपल्यावर बघायचा. पाचवी डिले: संपर्क किती सेकंद टिकला तर खरा मानायचा.

म्हणजे ‘लो फ्युएल’ दिसले तर टाकीत डिझेल कमी आहे असे सिद्ध होत नाही. सिद्ध एवढेच होते की त्या टर्मिनलची स्थिती बदलली आणि कोणीतरी त्या टर्मिनलला ‘लो फ्युएल’ असे नाव दिले होते. नाव चुकीचे असू शकते, जुन्या जनसेटवरून कॉपी झालेले असू शकते. कंट्रोलर बदलल्यावर कोणी मजकूर भरलाच नाही, असेही होते. म्हणून टाकीकडे धावण्याआधी त्या टर्मिनलकडे जायचे. या कामात सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट हीच.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार प्लस नियमांनंतरचे जनसेट बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंजिनाचे आहेत. त्यांत इंजिनाचे स्वतःचे फॉल्ट ईसीयूकडून (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून) कॅन बस या डेटा वायरवरून येतात आणि स्क्रीनवर एसपीएन व एफएमआय असे फॉल्टचे कोड आकडे दिसतात. ते कस्टमर फॉल्ट नव्हेत, त्यांचा शोध वेगळा. इथे आपण फक्त पॅनेलच्या टर्मिनलवर वायरने आलेल्या संपर्काबद्दल बोलतो आहोत.

हात लावण्याआधी

एएमएफ पॅनेल (लाईट गेली की जनसेट आपोआप सुरू करणारे) असेल तर कंट्रोलर ऑटोमधून काढून स्टॉपवर ठेवा आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवा. हे सोडू नका. कस्टमर फॉल्टमुळे जनसेट अडलेला असतो आणि महावितरणची लाईट गेलेली असते. फॉल्ट साफ झाला त्या क्षणी ऑटोमधला कंट्रोलर सेल्फ मारतो, तेव्हा तुमचा हात फॅन बेल्टजवळ असू शकतो. जनसेटला ऑटो स्टार्ट आहे याची पाटी नसेल तर तिथल्या लोकांना तोंडी सांगा.

जनसेट बंद असला तरी एएमएफ पॅनेलच्या सेन्सिंग टर्मिनलवर (लाईट आहे की नाही हे बघणाऱ्या) मेन्सचे ४१५ व्होल्ट असतात. ब्रेकर ऑफ केल्याने ते जात नाहीत, कारण सेन्सिंग ब्रेकरच्या आधीच्या बाजूने घेतलेले असते. सेन्सिंगचे फ्यूज काढा आणि टेस्टरवर न थांबता मीटरने खात्री करा. डिजिटल इनपुटचे टर्मिनल आणि मेन्स सेन्सिंगचे टर्मिनल काही पॅनेलमध्ये बोटभर अंतरावर असतात.

बॅटरीचे निगेटिव्ह मात्र लगेच काढू नका. कंट्रोलर चालू असल्याशिवाय टर्मिनलवर व्होल्टेज मोजता येत नाही, आणि बॅटरी काढली तर काही कंट्रोलरमध्ये घड्याळ बिघडून लॉगच्या वेळा निरुपयोगी होतात.

रिसेट नंतर, आधी लॉग

रिसेट दाबण्याआधी इव्हेंट लॉग उघडा आणि मोबाइलवर फोटो काढा. लॉगमध्ये तीन गोष्टी बघायच्या: इनपुटचे नाव, वेळ आणि त्या क्षणी इंजिनाची स्थिती. सेट बंद असताना फॉल्ट आला, सेल्फ मारताना आला, सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत आला, की लोड घेतल्यावर तासाभराने आला, यावरच निम्मा शोध होतो.

सुरू झाल्यावर ठरावीक सेकंदांनी, दर वेळी त्याच अंतराने बंद पडत असेल तर फॉल्ट आधीपासूनच होता. इनपुटचे आर्मिंग सेफ्टी डिलेनंतरचे असल्यामुळे तो दिसला उशिरा. अशा वेळी इंजिन चालवून बघायची गरजच नाही, सेट बंद असताना टर्मिनल मोजले तरी फॉल्ट सापडतो. उलट तासाभराने येणारा फॉल्ट बहुधा तापमानाचा, कंपनाचा किंवा खरोखरच्या परिस्थितीचा असतो.

त्याच वेळी दोन-तीन इनपुट एकदम आले असतील तर प्रत्येक सेन्सर तपासत बसू नका. त्यांची सामाईक वायर, म्हणजे कॉमन निगेटिव्ह, बहुधा कुठेतरी सुटली किंवा दबली आहे.

यानंतर सेटिंग वाचा. लॅपटॉप असेल तर कंट्रोलरमधले कॉन्फिगरेशन आधी वाचून तारखेसह सेव्ह करा, मगच काही बदला. लॅपटॉप नसेल तर कंट्रोलरच्या पुढच्या एडिटरमधून निदान पोलॅरिटी आणि डिले बघता येतात, पासवर्ड असेल तर डीलरकडून घ्या. ड्रॉइंगवरचा टर्मिनल नंबर, वायरवरच्या फेरूलचा (टोकाला घातलेल्या छोट्या नळीचा) नंबर आणि कंट्रोलरमधले इनपुटचे अक्षर ही तीन जुळतात का हे कागदावर लिहून काढा. जुळत नसतील तर तिथेच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. कंट्रोलर जळाल्यावर दुसरा बसवला आणि त्यात कंपनीचे मूळ कॉन्फिगरेशन तसेच राहिले, असे प्रकार वारंवार घडतात. मग एनसी (एरवी जुळलेल्या) संपर्कावर ‘जुळला की फॉल्ट’ असे सेटिंग राहते आणि जनसेट पहिल्या दिवसापासून अडतो.

टर्मिनलवर मीटर लावताना

आपल्याकडच्या बऱ्याच कंट्रोलरचे डिजिटल इनपुट निगेटिव्ह पद्धतीचे असतात. आतून एका रेझिस्टरने टर्मिनल पॉझिटिव्हकडे ओढलेले असते, बाहेरचा संपर्क ते बॅटरी निगेटिव्हला जोडतो. काही कंट्रोलरमध्ये इनपुट पॉझिटिव्ह देऊन चालवायचे असतात, काहींत दोन्ही पद्धती निवडता येतात. मॅन्युअलमधले वायरिंगचे पान उघडून आपला प्रकार कोणता ते पक्के करा. पुढचे सगळे वर्णन निगेटिव्ह पद्धतीसाठी आहे.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब कंट्रोलरच्या बॅटरी निगेटिव्ह टर्मिनलवरच लावा. पॅनेलच्या पत्र्यावर किंवा इंजिनाच्या बॉडीवर लावली तर अर्थिंगमधला फरक मोजणीत मिसळतो आणि तुम्ही भलतीकडे जाता. लाल प्रोब इनपुटच्या टर्मिनलवर.

संपर्क उघडा असेल तर मीटर मोकळ्या टर्मिनलचे व्होल्टेज दाखवेल. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ते बॅटरीच्या जवळपास असते, काहींत ५ व्होल्टच्या आसपास. शेजारचा वापरात नसलेला इनपुट मोजलात की तुमच्या कंट्रोलरचा आकडा लगेच कळतो. संपर्क जुळलेला असेल तर शून्याजवळ, ०.२ व्होल्टच्या आत, दिसायला हवे.

अधलेमधले व्होल्टेज दिसले तर मात्र नीट थांबून विचार करा, कारण खरी माहिती तिथेच असते. समजा १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि इनपुटमधून ५ मिलिअँपिअर करंट जातो, म्हणजे आतला रेझिस्टर साधारण २.४ किलोओहमचा. बाहेरच्या केबलमध्ये ओलाव्यामुळे १ किलोओहमची गळती असेल तर टर्मिनलवर सुमारे ३.५ व्होल्ट दिसतील, आणि कंट्रोलर त्याला ‘जुळला’ समजेल की ‘सुटला’ याची खात्री नाही. तीच गळती १० किलोओहमची असेल तर ९.७ व्होल्ट दिसतील आणि फॉल्ट येणार नाही. आज ९.७ आहे, पाऊस वाढला की ३.५ होईल. एनसी संपर्कावर उलटे बघायचे: संपर्कावर काजळी चढून ३ किलोओहम रेझिस्टन्स आला तर शून्याऐवजी साडेसहा-सात व्होल्ट दिसतात. मीटरची कंटिन्युइटी बीप मात्र काही मीटरमध्ये ३०-५० ओहमपर्यंतही वाजते. म्हणून नुसत्या बीपवर भरवसा ठेवू नका, व्होल्टेज वाचा.

फील्ड की पॅनेल: एका वायरचा निकाल

आता त्या इनपुटची फील्डकडून येणारी एकच वायर टर्मिनलमधून काढा आणि टोकाला टेप लावा. पुढे काय बघायचे ते पोलॅरिटीवर ठरते.

‘जुळला की फॉल्ट’ असे सेटिंग असेल आणि वायर काढल्यावर फॉल्ट रिसेट होत असेल, तर कंट्रोलर ठीक आहे. सेन्सर खरोखर जुळला आहे किंवा केबल कुठेतरी निगेटिव्हला लागली आहे. वायर काढूनही फॉल्ट जात नसेल तर टर्मिनलवरचे व्होल्टेज पुन्हा बघा. शून्य असेल तर कंट्रोलरचा तो इनपुट आतून गेला आहे किंवा टर्मिनलच्या मागे वायरचा धागा शेजारच्या निगेटिव्हला टेकला आहे. पूर्ण व्होल्टेज असेल आणि तरी फॉल्ट असेल तर सेटिंगची पोलॅरिटी उलटी आहे, किंवा तुम्ही बघताय तो इनपुटच वेगळा आहे.

‘सुटला की फॉल्ट’ असे सेटिंग असेल तर नुसती वायर काढून उपयोग नाही. वायर काढून टाका आणि टर्मिनल जंपरने कॉमन निगेटिव्हला जोडा. फॉल्ट गेला तर फील्डची वायर तुटली आहे, संपर्क उघडा आहे किंवा कॉमन सुटला आहे. गेला नाही तर कंट्रोलर किंवा सेटिंग. जंपर जोडण्याआधी ते टर्मिनल खरोखर डिजिटल इनपुटचे आहे याची मॅन्युअलमध्ये खात्री करा. चार्जिंग अल्टरनेटरच्या एक्साइटचे किंवा फ्युएल आउटपुटचे टर्मिनल निगेटिव्हला टेकवले तर कंट्रोलर जातो.

कंट्रोलरचा इनपुटच खराब झाला असेल आणि एखादा इनपुट मोकळा असेल तर तीच वायर त्यावर घ्या, पाचही सेटिंग तशीच भरा, आणि ड्रॉइंगवर लाल पेनने बदल नोंदवा. इनपुट जाण्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या विजा. उघड्यावरच्या डिझेल टाकीपासून आलेली लांब केबल सर्ज थेट कंट्रोलरपर्यंत आणते. अशा केबलसाठी पॅनेलमध्ये मध्ये एक रिले टाकणे स्वस्त पडते. रिले जळाला तर बदलता येतो, कंट्रोलरला हजारो रुपये लागतात.

फील्डकडे निघालात तर

केबल दोन्ही टोकांना सोडवा. एका टोकाला दोन्ही वायर जोडून दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो. म्हणजे ५० मीटर लांब केबलचा जाता-येता रेझिस्टन्स २ ओहमच्या आसपास यायला हवा. १०-१५ ओहम आले तर कुठेतरी खराब जोड आहे. पिन लग (वायरच्या टोकाला दाबायची धातूची नळी) न लावता सरळ मल्टिस्ट्रँड वायर टर्मिनलमध्ये दाबलेली असते तिथे धागे तुटून दोन-तीनच उरतात. वायर हलक्या हाताने ओढून बघा.

इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासायचे तर दोन्ही टोके सुटलेली हवीत, कंट्रोलर जोडलेला असताना मेगर मारला तर इनपुट तिथेच संपतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर वायर ते वायर आणि वायर ते बॉडी १ मेगाओहमच्या वर असेल तर केबलला दोष देऊ नका.

आता सेन्सर. प्रत्येकाची मोडायची तऱ्हा वेगळी.

डिझेलच्या फ्लोट स्विचमध्ये आत चुंबकाने जुळणारा रीड संपर्क असतो. त्याची ताकद फार थोडी. कोणी त्याच्यावर हूटर किंवा रिलेची कॉइल थेट चालवली असेल तर तो चिकटून कायमचा जुळलेला राहतो. फ्लोट हाताने वर-खाली करा किंवा बाहेरून लोहचुंबक फिरवा, मीटरवर स्थिती बदलायला हवी. टाकीच्या तळाचा गाळ फ्लोटवर चढून तो एका बाजूला अडकणे हेही नेहमीचेच.

कॅनॉपीच्या थर्मोस्टॅटची खात्री गरम पाणी आणि थर्मामीटर यांनी होते. त्यावर छापलेल्या तापमानाला संपर्क बदलला पाहिजे. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तो परत मूळ स्थितीत येतो ते बरेच अंश खाली आल्यावर. म्हणून सेट बंद झाल्यावर लगेच रिसेट होत नाही आणि लोक सेन्सर खराब म्हणतात. इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडजवळ ठेवलेल्या जनसेटमध्ये तर हा फॉल्ट बहुधा खराच असतो. सुताची लव रेडिएटरवर आणि हवेच्या जाळीवर नमदा बनून बसते, कॅनॉपी खरोखर तापते. तिथे थर्मोस्टॅट बदलण्याआधी जाळी धुवा.

अर्थ फॉल्ट रिले किंवा ओव्हरकरंट रिलेचा संपर्क आला असेल तर आधी त्या रिलेवरचा फ्लॅग किंवा एलईडी बघा. हे रिले बहुधा लॅच होतात, म्हणजे ट्रिप झाले की तसेच अडकून राहतात. रिले हाताने रिसेट केल्याशिवाय पॅनेलचा फॉल्ट जात नाही, आणि पॅनेलवर रिसेट दाबत राहून काही होत नाही. रिलेने फ्लॅग टाकला असेल तर इनपुटची तपासणी तिथेच थांबवा. फॉल्ट लोडच्या केबलमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. तो शोधल्याशिवाय ब्रेकर परत टाकू नका.

बॅटरी चार्जर फेलचा संपर्क कित्येक चार्जरमध्ये मेन्स असतानाच जुळलेला राहतो. लाईट गेली की तो सुटतो, म्हणजे जनसेट हवा असतो नेमक्या त्या क्षणी फॉल्ट येतो. हा इनपुट शटडाऊनवर ठेवलेला असेल तर ती कमिशनिंगची चूक आहे. तो वॉर्निंगच असायला हवा आणि त्याला चांगला काही मिनिटांचा डिले हवा.

येतो-जातो तो फॉल्ट

सगळ्यात जास्त कस लागतो तो इथे. तुम्ही पोहोचता तेव्हा सगळे ठीक असते. अशा वेळी एकदम तीन भाग बदलून निघून जाऊ नका, फॉल्ट पुन्हा आणून दाखवायचा प्रयत्न करा. टर्मिनलवर मीटर लावून मिनिमम-मॅक्सिमम मोडवर ठेवा आणि कोणालातरी हार्नेस (वायरचा जुडगा), ग्लँड (केबल पॅनेलमध्ये शिरते ती कॉलर), कनेक्टर एकेक करून हलवायला सांगा. आकडा हलला ती जागा.

पावसात येणारा फॉल्ट कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, गगनबावडा-राधानगरीकडे तर महिनोन्महिने. ग्लँड वरच्या बाजूने असेल तर पाणी केबलच्या कडेने थेट टर्मिनलवर उतरते. केबल खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या म्हणजे थेंब तिथेच गळतो. फाउंड्रीत त्या ओलीला कोळशाची आणि ग्रॅफाइटची धूळ मिळते, ती वीज वाहून नेते, आणि दोन टर्मिनलमध्ये पूल तयार होतो. ब्लोअरने उडवून भागत नाही, व्हॅक्यूमने ओढा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि सुकू द्या.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या सेटमध्ये कनेक्टरच्या आत गाळ राहिलेला असू शकतो. बाहेरून सुकलेला दिसणारा कनेक्टर उघडा, पिनांवर हिरवट थर असेल तर पिन आणि सॉकेट दोन्ही बदला. घासून काही दिवस चालते, पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

उसाच्या शेताजवळच्या आणि गुऱ्हाळाच्या आसपासच्या जनसेटमध्ये उंदीर हे कारण हसण्यावारी नेऊ नये. इन्सुलेशन कुरतडलेली वायर इंजिन हादरल्यावरच बॉडीला लागते, बंद सेटमध्ये मीटर काही दाखवत नाही. हार्नेसचा कंड्युट पूर्ण उघडून हाताने चाचपा.

फक्त सेल्फ मारताना फॉल्ट येतो का? मग काही सेन्सर इंजिनाच्या बॉडीमार्गे निगेटिव्ह घेत असतील तर अर्थ स्ट्रॅप तपासा. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल यांच्यात व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर स्ट्रॅपचा बोल्ट उघडा, रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत साफ करा आणि परत घट्ट बसवा. कायमचा उपाय म्हणजे सेन्सरला बॉडीऐवजी कंट्रोलरच्या निगेटिव्हपासून स्वतंत्र दुसरी वायर देणे.

लोड घेताना, कॉन्टॅक्टर पडताना क्षणभर फॉल्ट येत असेल तर तो विद्युत गोंगाट. डीसी कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावा, पट्टीचे टोक पॉझिटिव्हकडे. एसी कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २३० व्होल्ट एसीला चालेल असा तयार स्नबर (गोंगाट शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. इनपुटची केबल पॉवर केबलपासून निदान ३०० मिलिमीटर दूर न्या आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. केबलवर शील्ड (धातूचे आवरण) असेल तर ती पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा.

बाहेरच्या यंत्रणेतून आलेला संपर्क

फायर पॅनेल, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), बीएमएस (इमारतीची नियंत्रण यंत्रणा) यांतून आलेला संपर्क पोटेन्शियल-फ्री, म्हणजे स्वतःचे व्होल्टेज नसलेला, असायलाच हवा. वायर टर्मिनलला लावण्याआधी तिच्यावर एसी आणि डीसी दोन्ही व्होल्टेज मोजा. काही फायर पॅनेलचे आउटपुट २४ व्होल्ट देतात, काही ठिकाणी इलेक्ट्रिशियनने २३० व्होल्टचा संपर्कच ओढून आणलेला असतो. तो इनपुटवर एकदा लागला की कंट्रोलर गेला.

पीएलसीचे ट्रान्झिस्टर आउटपुट असेल तर पीएनपी (पॉझिटिव्ह देणारा) प्रकार निगेटिव्ह इनपुटला चालत नाही, आणि एनपीएनमध्येही (निगेटिव्ह देणाऱ्या) दोन्हींचे निगेटिव्ह एक असावे लागतात. दोन वायरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की चालू होणारा) थेट जोडू नका. बंद स्थितीतही त्यातून थोडा करंट गळतो आणि चालू स्थितीत त्याच्यावर काही व्होल्ट पडतात, त्यामुळे इनपुट ना इकडचा ना तिकडचा. या सगळ्यांवर एकच उपाय: मध्ये रिले. रिले घेताना छोट्या करंटसाठीचे, सोनेरी मुलामा असलेले संपर्क घ्या. मोठ्या करंटच्या रिलेचे संपर्क ५ मिलिअँपिअरवर स्वतःची काजळी जाळू शकत नाहीत आणि काही महिन्यांनी फसतात.

सेटिंग बदलावे का

फॉल्ट जातो म्हणून डिले वाढवणे किंवा शटडाऊनची वॉर्निंग करणे हा उपाय नव्हे. मात्र कधी कधी सेटिंगच मुळात चुकीचे असते, तेव्हा ते जरूर बदलावे. डिझेल टाकीत हिंदकळते, म्हणून तिथे ५ ते १० सेकंद डिले योग्य. कूलंटच्या पातळीला ३ ते ५ सेकंद. अर्थ फॉल्ट रिलेत स्वतःचा डिले असतो, कंट्रोलरमध्ये आणखी देऊ नका. फायरच्या सिग्नलला डिले जवळपास शून्य हवा.

महत्त्वाच्या संरक्षणासाठी एनसी संपर्क आणि ‘सुटला की फॉल्ट’ हे सेटिंग सर्वांत सुरक्षित, कारण वायर तुटली तरी ते कळते. एनओ (एरवी उघड्या) संपर्काची वायर उंदराने तोडली तर कोणालाही समजत नाही. इमर्जन्सी स्टॉप मात्र कस्टमर इनपुटवर कधीही घेऊ नका. तो फ्युएल आणि सेल्फचा पॉझिटिव्ह प्रत्यक्ष तोडणाराच हवा, सॉफ्टवेअरवर अवलंबून नको.

चाचणी आणि नोंद

दुरुस्तीनंतर टर्मिनलवर जंपर लावून फॉल्ट आणणे पुरेसे नाही. त्याने फक्त कंट्रोलर तपासला जातो. फ्लोट प्रत्यक्ष खाली करा, थर्मोस्टॅट तापवा, रिलेचे टेस्ट बटण दाबा. स्क्रीनवर योग्य नाव येते का, डिले घड्याळाने मोजल्यास सेटिंगइतका आहे का, ब्रेकर सुटतो की नुसता हूटर वाजतो, हे तिन्ही बघा. एनसी इनपुट असेल तर वायर मुद्दाम सोडवून फॉल्ट येतो याचीही खात्री करा. शेवटी मेन्स सेन्सिंगचे फ्यूज परत लावा, इमर्जन्सी स्टॉप सोडवा, कंट्रोलर ऑटोत टाका आणि मेन्स फेल करून एकदा पूर्ण चक्र चालवा: उचलणे, लोड घेणे, लाईट आल्यावर लोड सोडणे, थंड होऊन बंद होणे.

उत्पादन अडले म्हणून तात्पुरती जोडणी करावीच लागली, तर लाल वायर वापरा, टर्मिनलवर ‘बायपास’ असा टॅग तारीख आणि सहीसकट बांधा, आणि शिफ्टच्या वहीत कोणते संरक्षण बंद आहे आणि कोणी किती वेळाने काय बघायचे ते लिहा. अर्थ फॉल्ट आणि फायर यांना बायपास कोणत्याही कारणाने नको.

नवे कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर सेव्ह करा आणि एक प्रत मालकाकडे पेन ड्राइव्हवर द्या. दारातल्या ड्रॉइंगवर प्रत्येक इनपुटसमोर नाव, एनओ की एनसी, कृती, आर्मिंग, डिले आणि सेन्सरची जागा मराठीत लिहून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाचता येईल अशा अक्षरात.